सासूबाईंचा खुबा मोडलाय: अर्धा बॉल, पूर्ण जॉइंट की रॉड? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी सांगा

येळ्ळूरची_सून:
नमस्कार मंडळी. सासूबाई ७८ वर्षांच्या, परवा संध्याकाळी न्हाणीच्या उंबऱ्याला पाय अडकून डाव्या कुशीवर पडल्या, उठताच येईना, पाय आखूड दिसायला लागला आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं. बेळगावात ॲडमिट केलंय. रिपोर्टवर लिहिलंय लेफ्ट नेक ऑफ फीमर, डिस्प्लेस्ड. इथले डॉक्टर म्हणूलालेत बायपोलर बसवूया, म्हणजे अर्धा खुबा, नुसता गोळा बदलायचा. मिस्टरांच्या मित्रानं व्हॉट्सॲपवर एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला तर ते म्हणतात टोटल हिप, म्हणजे गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी दोन्ही बदलून टाका, परत कटकट नको. आणि शेजारच्या काकी म्हणतात त्यांच्या आईला नुसता रॉड घातला, जॉइंट बिंट काही बदलला नाही, तुम्हाला लुटूलालेत. बीपी आहे, शुगर आहे, मागं अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी क्लोपिडोग्रेल चालू आहे म्हणून पाच-सात दिवस थांबूया असं पण सांगितलेत. पडायच्या आधी सगळं स्वतःचं स्वतः करायच्या, देवळापर्यंत काठी न घेता जायच्या. तीन तोंडं तीन सल्ले, काय करायचं ते सांगा की.

ऑर्थो_सीमाभाग:
एक्स-रे न बघता ऑपरेशन सांगणार नाही, पण गोंधळ कुठं होतोय ते सांगतो. काकींच्या आईचं हाड बहुतेक वेगळ्या जागी मोडलं होतं. खुबा मोडला म्हणतो तेव्हा दोन वेगवेगळी दुखणी असतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा, त्याच्या खाली मान, मानेच्या खाली जाड भाग, त्याला ट्रोकँटर म्हणतात. मान सांध्याच्या पिशवीच्या आत असते आणि गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक शिरा त्या मानेला चिकटूनच वर जातात. मान मोडून सरकली की त्या शिरा तुटतात, मग हाड कितीही छान जुळवून स्क्रू मारले तरी गोळा वाळण्याची भीती राहते, नाहीतर हाड जुळतच नाही. म्हणून सत्तरीपुढं सरकलेल्या मानेला आम्ही जुळवत बसत नाही, गोळाच बदलतो. ट्रोकँटर पिशवीच्या बाहेर, तिथं रक्त भरपूर, हाड जुळतं, फक्त जुळेपर्यंत धरून ठेवायला रॉड किंवा प्लेट लागते. काकींचा डॉक्टर बरोबर, तुमचा पण बरोबर.
मान किती सरकली त्याचे गार्डन १ ते ४ असे प्रकार असतात, रिपोर्टवर गार्डन ३ किंवा ४ असं काही लिहिलंय का बघा. १ आणि २ म्हणजे न सरकलेलं, त्याला वयस्कर माणसात पण स्क्रू चालतात.

येळ्ळूरची_सून:
होय, गार्डन ४ लिहिलंय.

ऑर्थो_सीमाभाग:
मग रॉडचा विषय संपला. अर्धा की पूर्ण, आणि सिमेंट घालून की न घालता, एवढंच उरलं.

जुना_खानापुरी:
मी सांगतो ते पटायचं नाही तुम्हाला. आमच्याकडं जांबोटीच्या बाजूला हाड बसवणारे आहेत, झाडपाला लावून काठ्यांची पट्टी बांधतात. माझ्या चुलत्यांचा खुबा असाच मोडलेला, पट्टी बांधली आणि महिना-दीड महिन्यात काठीनं चालायला लागले. चिरफाड नाही, लाखभर बिल नाही.

ऑर्थो_सीमाभाग:
चुलत्यांचं चालणं खोटं म्हणत नाही. कधी कधी मान मोडते पण दोन्ही तुकडे एकमेकांत रुतून बसतात, तसं हाड ऑपरेशनशिवाय पण जुळू शकतं. गार्डन ४ ला पट्टी बांधून काही होत नाही, खुब्याला पट्टी धरतच नाही, तो मनगट न्हवं. आणि ७८ वर्षांचं माणूस महिना-दोन महिने आडवं पडलं की हाडापेक्षा बाकीचंच जास्त नडतं, पाठीला जखमा, छातीत कफ, लघवीचं इन्फेक्शन, पायात रक्ताच्या गाठी. त्या पट्टीवाल्यांकडून न उठलेले आमच्याकडं येतात ते जखमा घेऊनच येतात, ते तुम्हाला गावात दिसत नाहीत.

कॅम्पातला_पाव्हणा:
टोटल करा. माझ्या वडिलांचं ६६ व्या वर्षी सेम फ्रॅक्चर, टोटल हिप केली, आज गोव्याला गाडी चालवत जातात. अर्धा बदलला की काही वर्षांनी वाटी झिजते आणि परत कापायला लागतं असं आम्हाला स्पष्ट सांगितलेत. एकदाच काय ते करून मोकळं व्हायचं. पैसे असतील तर विचार कशाला.

ऑर्थो_सीमाभाग:
तुमच्या वडिलांना टोटल बरोबरच होती. ६६ वय, गाडी चालवणारं माणूस, पुढं पंधरा-वीस वर्षं वापरणार. पण ते ७८ ला तसंच्या तसं लागू करू नका. यावर मोठा अभ्यास झालाय, हेल्थ नावाचा, २०१९ ला आला, १० देशांतले १४९५ पेशंट, सगळे पन्नाशीच्या वरचे आणि पडायच्या आधी चालते-फिरते. दोन वर्षांत परत ऑपरेशन लागलं ते टोटलमध्ये ७.९ टक्क्यांना आणि अर्ध्यामध्ये ८.३ टक्क्यांना, म्हणजे फरक नाहीच. चालण्या-बसण्यात टोटल थोडी सरस, पण इतकी थोडी की पेशंटला जाणवेल का सांगता येत नाही. उलट सांधा निखळणं टोटलमध्ये ४.७ टक्के आणि अर्ध्यात २.४. म्हणून 'परत कटकट नको' हे कारण देऊन कोणी टोटल सांगत असेल तर ते कारण टिकत नाही. वाटी झिजते हे खरं आहे, पण त्याला वर्षं लागतात आणि माणूस किती चालतो त्यावर आहे. सासूबाईंना आधीपासून खुब्यात संधिवात होता का, सकाळी जांघेत दुखायचं का, ते विचारा. असेल तर टोटलकडं झुकावं लागतं. नसेल, आणि फिरणं घर, अंगण, देऊळ एवढंच असेल तर मी अर्धाच करेन. ऑपरेशन आटोपशीर, रक्त कमी जातं, वेळ कमी.

कॅम्पातला_पाव्हणा:
बरं, निखळण्याचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. वडिलांना मात्र खाली बसू नका म्हणून दहादा बजावलेलं.

भूलवाली_ताई:
मी भूलतज्ज्ञ आहे, माझ्या बाजूचं लिहिते. सिमेंटबद्दल घरच्यांना कोणी विचारत नाही, बिलात दिसलं की मग विचारतात. गोळ्याचा दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवायचा असतो, तो एकतर हाडाचं सिमेंट भरून पक्का करतात नाहीतर नुसता दाबून बसवतात. म्हातारपणी हाड पोकळ झालेलं असतं, दाबून बसवताना किंवा पुढं परत पडल्यावर दांड्याच्या बाजूनं ते चिरतं. इंग्लंडात यावर मोठी चाचणी झाली, २०२२ ला छापून आली, साठीच्या वरचे पेशंट, दांड्याभोवती हाड मोडणं सिमेंटवाल्यात ०.५ टक्के, बिनसिमेंटमध्ये २.१ टक्के, आणि रोजच्या जगण्याची प्रत पण सिमेंटवाल्यांची थोडी बरी. म्हणून बिनसिमेंटचं ते नवीन आणि भारी असं कोणी सांगितलं तर नाचू नका. सिमेंटची खोड एकच, ते दाबून भरताना कधी कधी बीपी एकदम पडतं, ऑक्सिजन उतरतो. हृदय-फुप्फुस फार कमजोर असेल तर आम्ही सर्जनला आधी सांगतो, त्या पाच-दहा मिनिटांत आमचं सगळं लक्ष मॉनिटरवर असतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघून भूलवाल्यांशी हे बोलून घ्या.

आणि क्लोपिडोग्रेलसाठी पाच-सात दिवस थांबणं मला पटत नाही. त्या गोळीवर पाठीतलं इंजेक्शन द्यायला आम्ही कचरतो हे खरं, सुई टोचली तिथं रक्त साठायची भीती असते. पण मग पूर्ण भूल देता येते की. पूर्ण भूल म्हातारीला झेपत नाही हा आपल्याकडचा जुना समज. २०२१ ला अमेरिका-कॅनडात १६०० पेशंटवर बघितलंय, पाठीतली भूल १८.५ टक्के आणि पूर्ण भूल १८ टक्के, दोन महिन्यांत मृत्यू किंवा चालता न येणं यात काहीच फरक नाही. गोळी मनानं बंद करू नका, स्टेंटचा मामला आहे, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगा आणि 'पूर्ण भूल देऊन उद्या-परवा होईल का' एवढंच विचारा.

येळ्ळूरची_सून:
ताई हे कोणी सांगितलंच नव्हतं. अजून एक, काल रात्री सासूबाई सारख्या उठून बसायला बघत होत्या, म्हशीची धार काढली का विचारत होत्या. म्हैस विकून वर्षं झाली वो. मिस्टर रडायलाच लागले, म्हणे डोक्याला मार लागला असणार.

भूलवाली_ताई:
पडताना डोकं आपटलंय का ते डॉक्टरांना नक्की सांगा, तपासतील. पण खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांत हे फार बघतो आम्ही, डिलिरियम म्हणतात. दुखणं, पाणी कमी पडणं, झोप नाही, संडास तुंबलेली, अनोळखी जागा, सगळं मिळून होतं आणि बहुतेकांचं उतरतं. चष्मा असेल तर घाला, कानाचं मशीन असेल तर लावा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, घरचं माणूस जवळ बसून मराठीत बोलत राहू दे. दुखण्यासाठी जांघेत एक ब्लॉकचं इंजेक्शन देतात, फॅशिया इलियाका ब्लॉक, त्यानं बरंच शांत होतं, नशेची इंजेक्शनं कमी लागतात. आणि सकाळपासून उपाशी ठेवून संध्याकाळी 'आज नंबर लागला नाही' असं करत असतील तर भांडा. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं.

निपाणीकर:
जरा आमचं पण बघा. वडील ८१, ट्रोकँटर मोडलाय. कोल्हापूरला एक जण पीएफएन म्हणतात, दुसरीकडं डीएचएस प्लेट म्हणतात आणि ती निम्म्या पैशात होते. चांगलं कुठलं?

ऑर्थो_सीमाभाग:
डीएचएस म्हणजे गोळ्यात एक जाड स्क्रू आणि हाडाच्या बाहेरून प्लेट. पीएफएन म्हणजे हाडाच्या पोकळीतून रॉड, त्यातून स्क्रू गोळ्यात. भरलेली घागर कमरेला लावून घेतली तर चालता येतं, तीच हात लांब करून धरली तर खांदा उतरतो, रॉड आणि प्लेटचा फरक तोच, रॉड वजनाच्या रेषेजवळ असतो. फ्रॅक्चर साधं, दोन तुकड्यांचं, बाहेरची भिंत शाबूत असेल तर प्लेटवर छान जुळतं, इंग्लंडातली सरकारी गाइडलाइन तर तिथं प्लेटच वापरा म्हणते कारण निकाल सारखा आणि खर्च कमी. पण बाहेरची भिंत फुटली असेल, तडा उलट्या तिरक्या दिशेनं गेला असेल, किंवा खाली मांडीच्या हाडात उतरला असेल तर रॉडच. डॉक्टरांना 'स्टेबल आहे की अनस्टेबल' एवढं विचारा, उत्तर त्यातच आहे.
खरं सांगू का, कंपनीपेक्षा स्क्रू कुठं बसला ते जास्त महत्त्वाचं. स्क्रूचं टोक गोळ्याच्या शेंड्यापासून किती लांब ते दोन एक्स-रेवर मोजून बेरीज करतात, ती २५ मिलिमीटरच्या आत हवी, हे १९९५ पासून माहीत आहे. जास्त झाली की पोकळ हाडातून स्क्रू वर फाडून बाहेर येतो. जर्मन इम्प्लांट वाकडा बसवला तर देशी सरळ बसवलेला बरा.

निपाणीकर:
स्टेबल आहे म्हणे, आत्ताच विचारलो. प्लेट करायचं ठरवूलालोय.

संकेश्वरी_पोरगं:
पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात घराला वर्षाला ५ लाखापर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के. बऱ्याच ऑपरेशनला आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, इमर्जन्सीत वेगळं, ते काउंटरवरच विचारा, आधी पैसे भरून मग कार्ड दाखवलं की हात वर करतात. सहकारी सोसायटीचे मेंबर असाल तर त्यांच्यासाठीची यशस्विनी आरोग्य योजना आहे, पण इम्प्लांट त्यात धरतात का हे आधी लेखी घ्या. आणि महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लावली आहे, कोल्हापूर-मिरजेकडं नेणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला निघायच्या आधीच फोन करून कागद कुठले ते विचारा. गाव यादीत आहे का बघा, येळ्ळूर नसेल तर कुठलं असणार म्हणा!
गुडघ्याच्या इम्प्लांटला केंद्रानं २०१७ ला भाव बांधून दिलाय, तो गुडघ्याचा, खुब्याला तो धरून चालू नका. बिलात इम्प्लांटचं स्टिकर मागून घ्या.

जुना_खानापुरी:
बघा, ८६५ गावं. आता कुठल्या राज्यात आहोत ते डॉक्टरच सांगतील.

कॅम्पातला_पाव्हणा:
तात्या, सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत, इथं खुबा चाललाय.

कणकुंबीचा_नातू:
आमची आज्जी ९२ वर्षांची, तीन-चार वर्षं झाली अंथरुणाला, कोणाला ओळखत नाही, भरवायला लागतं. कूस बदलताना खुब्याची मान मोडली. ऑपरेशन करा म्हणतात. आई नको म्हणते, मामा म्हणतात लोक काय म्हणतील.

ऑर्थो_सीमाभाग:
हे वेगळं आहे, वर जे सगळं लिहिलं ते चालत्या माणसाचं. नेदरलँड्समध्ये अशाच फार थकलेल्या, वृद्धाश्रमातल्या पेशंटवर काम झालंय, २०२२ ला आलं. घरच्यांबरोबर नीट बसून ज्यांनी ऑपरेशन नको ठरवलं त्यांचं उरलेलं जगणं ऑपरेशनवाल्यांपेक्षा वाईट नव्हतं. पण महिन्याभरात त्यातले बहुतेक, ८३ टक्के, गेले, हे पण मामांना सांगा, लपवू नका. ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाही असं नाही, दुखणं पूर्ण थांबवायची सोय आधी लावायची, ब्लॉक, औषधं, कूस बदलताना दोघं जण. काही वेळा दुखणं थांबवण्यासाठीच छोटं ऑपरेशन करतो आम्ही, तो पर्याय पण विचारा. आईचं ऐका असं मी म्हणणार नाही आणि मामांचं तर नाहीच, आज्जी शुद्धीत असताना अशा वेळी काय म्हणायची ते दोघांनी आठवावं.

चिकोडी_फिजिओ:
सगळे ऑपरेशनवर थांबलेत, माझं काम पुढचं. सूनबाई, बायपोलर असो की टोटल, पहिला प्रश्न हा विचारा की दुसऱ्या दिवशी उभं करणार का. सिमेंटवाल्या बायपोलरला दुसऱ्या दिवशी वॉकर धरून पूर्ण वजन टाकायला देतात. नीट बसलेल्या रॉडला पण बहुतेक वेळा देतात. आपल्याकडं काय होतं, ऑपरेशन फस्क्लास होतं आणि घरचे 'टाके निघू देत, अजून नाजूक आहे' म्हणून तीन आठवडे झोपवून ठेवतात, मग मांडीचा स्नायू जातो तो परत येत नाही. पाहुणे संत्री घेऊन येतात, बघून जातात, म्हातारीला कोणी उठवत नाही. एका वर्षात खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचात एक ते चारात एक जातात, आणि जगतात त्यातल्या बऱ्याच जणांचं चालणं आधीसारखं होत नाही, त्यात या झोपवून ठेवण्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत.
सांधा मागून उघडला असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय नाही, पाय आत वळवायचा नाही, झोपताना मध्ये उशी. म्हणजे मांडी घालून देवपूजा बंद, पाटावर जेवण बंद, उकिडवं बसून भाकरी थापणं तर विसराच. देव टेबलावर घ्या. उंच खुर्ची, उंच कॉट, कमोड. न्हाणीत हातानं धरायला दांडा, आणि तो उंबरा फोडून टाका आधी.

येळ्ळूरची_सून:
मंडळी, ठरलं. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, पूर्ण भूल देऊन उद्या सकाळी पहिली केस, सिमेंट बायपोलर. संधिवात आधी नव्हता, एक्स-रेवर वाटी चांगली आहे म्हणून दाखवलेत. संमतीचा कागद इंग्लिशमध्ये होता, मिस्टर म्हणाले मराठीत नीट सांगितल्याशिवाय सही नाही, मग एका सिस्टरनं बसून सगळं सांगितलं. बिचारी हुबळीची, पण मराठी आमच्यापेक्षा चांगलं.

भूलवाली_ताई:
छान. काल काय औषधं किती वाजता घेतली ती चिठ्ठी भूलवाल्यांच्या हातात द्या, शुगरच्या गोळ्यांसकट.

येळ्ळूरची_सून:
(दोन दिवसांनी) ऑपरेशन झालं, आज वॉकर धरून कॉटपासून दारापर्यंत गेल्या. म्हशीचं अजून अधूनमधून काढतात. फिजिओला म्हणाल्या 'तू कुणाची गा, तुझी आई कशी चालते ते बघ जा आधी'. घरी नेताना अजून काय विचारू?

ऑर्थो_सीमाभाग:
शिव्या देतात म्हणजे बऱ्या आहेत. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून औषध साधारण महिनाभर देतात, क्लोपिडोग्रेल आहे म्हणून ते कुठलं आणि कधीपर्यंत हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. आणि हाडं पोकळ झाल्याचा उपचार, तो डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा फक्त 'कॅल्शियम' एवढाच असतो. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला म्हणजे ऑस्टिओपोरोसिस ठरलाच, दुसरा खुबा पुढच्या रांगेत आहे. झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम सलाईनमधून वर्षातून एकदा, २००७ च्या अभ्यासात खुबा मोडल्यावर ९० दिवसांच्या आत सुरू केलेल्यांत नवीन फ्रॅक्चर १३.९ वरून ८.६ टक्क्यांवर आलं आणि मृत्यू पण कमी झाले. त्याआधी व्हिटॅमिन डी भरून काढायचं, किडनीसाठी क्रिएटिनिन बघायचं, दात काढायचे असतील तर ते आधी. टाके दाखवायला जाल तेव्हाच विचारा, डॉक्टर आपणहून हा विषय काढत नाहीत बऱ्याचदा.

निपाणीकर:
वडिलांची प्लेट झाली. डॉक्टरांना ते २५ मिलिमीटरचं विचारलो तर वर बघितलेत आणि म्हणालेत १९ आहे, तुम्ही काय करता? म्हटलं तंबाखूची वखार.

वडगावची_मावशी:
सूनबाई, माझ्याकडं कमोडची खुर्ची आहे, उंची कमी-जास्त होते, खालच्या रबरी बुचांपैकी एक गेलंय ते खडेबाजारात मिळतं. आमच्या सासऱ्यांची होती, आता कोणी वापरत नाही. संध्याकाळी सहानंतर कोणालाही पाठवा, रिक्षात मावते.

येळ्ळूरची_सून:
मावशी, दीर येतील उद्या. बूच आम्ही आणतो.